जोयड्याचा रुग्ण आणि कारवारचा विद्यार्थी

ज्या तालुक्यात काळी नदीचा उगम होतो आणि ज्याचे जुने ठाणे सुपे धरणाच्या जलाशयात गडप झाले, त्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयड्याची वस्ती अरण्यात इतकी विखुरलेली आहे की, पायांवर सूज घेऊन, अन्नावरची वासना उडालेल्या अवस्थेत निघालेला शेतकरी इस्पितळाची पायरी चढेतो मूत्रपिंडाचा विकार पुष्कळदा हाताबाहेर गेलेला असतो. उत्तर कन्नडाला लागूनच असलेल्या गोव्याच्या काणकोण तालुक्यात कारण न उमगलेला जुनाट मूत्रपिंडविकार नोंदला गेला आहे, हे ध्यानात घेता येथे हयगय परवडणारी नाही.

अन्नातील प्रथिनांपासून शरीराच्या दर किलो वजनामागे दररोज सुमारे 1 मिलीइक्विव्हॅलंट आम्ल निर्माण होते, ते फुप्फुसांना बाहेर टाकता येत नाही, मूत्रपिंडेच अमोनियाच्या साहाय्याने त्याचे उत्सर्जन करून बायकार्बोनेटचा साठा भरून काढतात, हे कारवारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्याला मुखोद्गत असते. परंतु जुलाबाने गळालेला एक आणि मूत्रपिंडे निकामी झालेला दुसरा, असे दोन रुग्ण दीर्घ श्वास घेत समोर आले, दोघांचेही सोडियम 138 आणि बायकार्बोनेट 14 भरले, तर? पहिल्याचे क्लोराइड 112, दुसऱ्याचे 104. सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा करता पहिल्याकडे 12 उरतात, जे स्वाभाविक होय; दुसऱ्याकडे 20 उरतात, आणि तो वाढावा म्हणजे रक्तात साचून राहिलेली सल्फेट, फॉस्फेट आदी आम्लशेषे. पहिल्याला शिरेतून दिलेले सलाईन जीवनदान ठरते. दुसऱ्याला तेच भराभर दिले तर फुप्फुसांत पाणी भरते. विकाराच्या आरंभी ही तफावत दिसेलच असे नाही, म्हणून क्रिएटिनीन पाहिल्यावाचून निदान करू नये.

पथ्याचेही तेच. जोयडा कंदमुळांसाठी नावाजलेला आहे, आणि कंदांत पोटॅशियम विपुल असते; मूत्रपिंडे थकली की ते रक्तात तुंबते, आम्लतेने आणखी वाढते आणि हृदयाची गती बिघडवते. अशा रुग्णाला छापील पथ्यपत्रक देऊन वाटेला लावण्यापेक्षा, पोटॅशियम किती आहे ते पाहून, कंद सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी ओतून द्यावे आणि मग बेतानेच खावे, असे त्याच्या घरच्या माणसांना त्यांच्या बोलीत सांगणारा डॉक्टर मला अधिक विद्वान वाटतो.

आम्लता आवरणाऱ्या सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या महाग नाहीत. त्या केव्हा द्याव्यात हे ठरवणारी रक्ततपासणी मात्र वेळेवर झाली पाहिजे. आरोग्यखात्याने क्रिएटिनीन आणि रक्तक्षारांच्या तपासणीची बारमाही तजवीज तालुक्याच्या ठाण्यातच ठेवावी, आणि महाविद्यालयाने आपल्या विद्यार्थ्यांची रवानगी जोयड्यास नेमाने करावी.