डायलिसिसचे चार तास

मागच्या महिन्यात एका शुक्रवारी आम्ही मामूंना भेटायला डायलिसिस केंद्रात गेलो. मामूंचे वय 62. दोन वर्षांपासून आठवड्यातून तीन दिवस त्यांना मशीनवर घेतात. आमच्या हातात दोन शहाळी आणि खजुराचा डबा होता. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने कसे जायचे? मामूंचे लक्ष मात्र भिंतीवरच्या घड्याळाकडे होते. ते सिस्टरला विनवत होते, "बेटा, आज अर्धा तास आधी सोड. जुम्मा आहे. तीन तास झाले, रक्त साफ झालेच असेल."

सिस्टरने मामूंना अर्धा तास सोडला नाही आणि आमची शहाळीही आत येऊ दिली नाहीत. आम्हाला वाईट वाटले. नंतर डॉक्टरांना विचारले, थोडे वाचले, तेव्हा कळले की चूक आमचीच होती. अशी चूक आपल्या बऱ्याच घरांत होत असेल, म्हणून हा महिना त्याच विषयाला.

आपल्या स्वयंपाकघरातलेच उदाहरण घेऊ. खारा बांगडा पाण्यात भिजत घातला की त्यातले मीठ पाण्यात उतरते. काही वेळाने पाणीही खारट होते आणि मीठ उतरणे मंदावते. मग आपण पाणी बदलतो आणि मीठ पुन्हा उतरू लागते. विरघळलेला पदार्थ जिथे जास्त आहे तिथून जिथे कमी आहे तिकडे जातो. डायलिसिसचा पाया हाच आहे. फक्त मध्ये एक बारीक छिद्रांचा पडदा असतो.

'डायलिसिस' हा शब्द या अर्थाने स्कॉटलंडचे रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहम यांनी 1861 मध्ये वापरला. माणसाच्या उपचारात तो रुळवला नेदरलँड्सचे डॉक्टर विलेम कोल्फ यांनी. दुसरे महायुद्ध चालू होते, देश जर्मनांच्या ताब्यात होता, सामान मिळत नव्हते. कोल्फ यांनी सॉसेज भरायची सेलोफेनची नळी घेतली, ती लाकडी पिंपाभोवती गुंडाळली आणि पिंप मिठाच्या पाण्यात फिरवले. 1943 मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर उपचार केला. सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले, तरी त्यांनी काम सोडले नाही. 1945 मध्ये बेशुद्ध पडलेली 67 वर्षांची एक बाई या यंत्रामुळे शुद्धीवर आली आणि पुढे काही वर्षे जगली.

आज त्या नळीची जागा डायलायझरने घेतली आहे. मशीनला उभी लावलेली, हातभर लांबीचीही नसलेली ती प्लास्टिकची नळकांडी. तिच्या आत पॉलिसल्फोनसारख्या कृत्रिम पदार्थाचे सुमारे दहा हजार पोकळ धागे असतात. एकेका धाग्याची पोकळी मिलिमीटरच्या पाचव्या हिस्स्याएवढी. सगळ्या धाग्यांच्या भिंती उलगडून पसरल्या तर दोन जानमाज अंथरण्याएवढी जागा भरेल. धाग्यांच्या आतून रक्त वाहते, बाहेरून उलट्या दिशेने औषधी पाणी. हे पाणी मिनिटाला साधारण अर्धा लिटर, म्हणजे चार तासांत 120 लिटर. बांगड्याचे पाणी आपण दोनदा बदलतो, इथे ते सतत बदलत राहते.

पडद्याला चांगले-वाईट कळत नाही. तो फक्त आकार पाहतो. युरिया आणि क्रिएटिनिन लहान, ते पार होतात. रक्तपेशी आणि अल्ब्युमिन हे प्रथिन मोठे, ते आतच राहतात. सोडियम, कॅल्शियमही लहानच असतात. ते सगळे वाहून जाऊ नयेत म्हणून पाण्यात ते आधीच मोजून घातलेले असतात. दोन्ही बाजूंना सारखे असले की ओढ राहत नाही.

मग तीन तासांत रक्त साफ होत नाही का? अडचण अशी की कचरा फक्त रक्तात नसतो. अंगात रक्त जेमतेम पाच लिटर, पण एकूण पाणी पस्तीस-चाळीस लिटर, आणि त्यातले बरेचसे पेशींच्या आत. मशीन रक्त साफ करते, मग पेशींतला कचरा हळूहळू रक्तात येतो, मग तो पडद्यापर्यंत पोहोचतो. युरिया लवकर येतो, फॉस्फरस फार सावकाश. घाई केली तर तो मागेच राहतो. शिवाय अंगात साठलेले पाणीही याच वेळात काढायचे असते. तेच पाणी कमी वेळात ओढले तर रक्तदाब पडतो, पायात गोळे येतात, हृदयावर ताण येतो.

हिशेब करून पाहा. दर वेळी अर्धा तास वाचवला तर आठवड्याचा दीड तास, वर्षाचे 78 तास. म्हणजे चार तासांच्या एकोणीस पाळ्या बुडाल्या. निरोगी मूत्रपिंड आठवड्याचे 168 तास काम करते. मशीनला मिळतात फक्त बारा.

उरलेल्या 156 तासांत जे पोटात जाते ते साठत राहते. शहाळे, खजूर, केळी, संत्री यांत पोटॅशियम भरपूर असते. एका मध्यम केळ्यातच साधारण 400 मिलिग्रॅम. आपण ते लघवीवाटे सहज टाकतो, मामूंना ते जमत नाही. पोटॅशियम फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि जीवही जाऊ शकतो. आम्ही प्रेमाने नेलेली शहाळी त्यांच्यासाठी धोक्याची होती. म्हणून आजाऱ्याकडे काय न्यायचे ते आधी घरच्यांना विचारावे. रमजानच्या इफ्तारीत खजूर किती, आणि रोजा ठेवायचा की नाही, हेही डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

मामूंच्या जुम्म्याचे काय झाले? मुमानींनी केंद्रात शब्द टाकला आणि शुक्रवारची पाळी पहाटेची करून घेतली. आता मामू चार तास पूर्ण करून, थोडा आराम करून मशिदीत जातात. परवा आम्ही पुन्हा भेटायला गेलो, तेव्हा हातात फक्त वर्तमानपत्र होते. मामूंनी ते शेवटच्या पानापर्यंत वाचले. घड्याळाकडे त्यांनी एकदाही पाहिले नाही.