सायकलीचा प्रवास आणि भाराचा हिशेब

भिलाई हे नगर पोलादामुळे देशाला परिचित झाले. २ फेब्रुवारी १९५५ रोजी तत्कालीन सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भारतीय रेल्वेचे रूळ ज्या नगरात घडतात, त्याच नगराचे दुसरे, तितकेच बोलके प्रतीक म्हणजे सायकल. सेक्टरवार आखलेल्या वसाहतीतील रुंद, सावलीचे रस्ते आणि पाळी सुटण्याच्या वेळी कारखान्याच्या दारातून बाहेर पडणारी सायकलींची रांग हे दृश्य जुन्या भिलाईकरांच्या स्मृतीत कायमचे कोरले गेले आहे. विदर्भातून पोटापाण्यासाठी येथे येऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचाही पहिला संसार या सायकलीच्या कॅरिअरवरच लागला.

काळ बदलला. तीच पिढी आता निवृत्त झाली आहे. दारात मोटार आली. गुडघ्यांना त्रास नको म्हणून साध्या सायकलीच्या जागी विद्युत सायकल, म्हणजेच ई-बाइक आली. दिवाळीत नागपूर-अमरावतीकडे जाणाऱ्या किंवा हिवाळ्यात बस्तरकडे वळणाऱ्या कुटुंबांना आता ही सायकलही सोबत असावीशी वाटते. महाराष्ट्र व केरळ या राज्यांनी २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनासाठी स्वतंत्र धोरण आखले. त्यामुळे चाकांवरचे घर आणि मोटारीमागे ओढला जाणारा कॅम्पर ट्रेलर या कल्पना मध्यमवर्गीयांच्या बोलण्यात येऊ लागल्या. आपल्या देशात असे ट्रेलर अद्याप मोजकेच आहेत, तथापि मोटारीमागे रॅक लावून सायकली नेणारे प्रवासी महामार्गांवर दिसू लागले आहेत. या दोन्ही प्रकारांना एकच प्रश्न लागू होतो. सायकल न्यायची, तर ती कोठे आणि कशी?

बहुतेकांच्या लेखी हा प्रश्न सर्वांत शेवटचा असतो. कपडे, शिधा, पाणी, गॅसची शेगडी असे सारे सामान लागले की उरलेल्या जागी, म्हणजे बहुधा सर्वांत मागे, सायकली बांधल्या जातात. ही सवय धोक्याची आहे. सायकलीचे स्थान प्रवासाच्या नियोजनात शेवटी नव्हे, तर सर्वांत आधी निश्चित झाले पाहिजे.

तराजूचा नियम

ट्रेलर हा वस्तुतः एक तराजू आहे. त्याचा आस, म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा, हा या तराजूचा टेकू. पुढचे टोक मोटारीच्या हिचवर, म्हणजे ओढण्याच्या आकड्यावर विसावलेले असते. ट्रेलर रस्त्यावर स्थिर चालावा यासाठी हिचवर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या सुमारे दहा टक्के भार पडावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. हा भार फार घटला, तर ट्रेलर शेपटीसारखा डावीउजवीकडे हेलकावू लागतो. फार वाढला, तर मोटारीचा मागचा भाग दबतो, पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू हाताला सैल लागते.

एक उदाहरण घेऊ. ट्रेलरचे वजन ७०० किलो आहे, हिचवर ७० किलो भार आहे आणि हिचपासून आसापर्यंतचे अंतर ३ मीटर आहे. आता आसाच्या २ मीटर मागे रॅक लावून त्यावर दोन विद्युत सायकली ठेवल्या. रॅकसह वजन झाले ६० किलो. ६० ला २ ने गुणून ३ ने भागले, की उत्तर येते ४०. म्हणजेच हिचवरील भार ४० किलोंनी घटून केवळ ३० किलो उरतो. एकूण वजन मात्र ७६० किलो झालेले असते. दहा टक्क्यांचे प्रमाण चार टक्क्यांवर आले! घरून निघताना सपाट रस्त्यावर हे कदाचित जाणवणारही नाही. परंतु जगदलपूरहून परतताना केशकालचा घाट उतरू लागल्यावर, समोरून मालमोटार आल्यावर किंवा अकस्मात ब्रेक दाबावा लागल्यावर हा दडलेला हिशेब समोर उभा राहतो. त्या वेळी धोका केवळ मोटारीतील कुटुंबाला नसतो. मागून येणारा दुचाकीस्वारही त्याच्या कक्षेत असतो.

त्याच सायकली हिचच्या अर्धा मीटर मागे, ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर ठेवल्या, तर गणित उलटते. हिचवर ५० किलो भार वाढून तो १२० किलो होतो. अनेक मोटारींच्या हिचची मर्यादा ७५ ते १०० किलोच असते. तेव्हा पुढे ठेवणे हाही आपोआप सुरक्षित मार्ग ठरत नाही. सर्वांत उत्तम जागा म्हणजे ट्रेलरच्या आत, आसाच्या वर किंवा किंचित पुढे, जमिनीलगत आणि पट्ट्यांनी घट्ट बांधून. तेथे सायकल ठेवली की तराजू फारसा हलत नाही. रात्री झोपण्यापूर्वी सायकल बाहेर काढण्याचा थोडा त्रास होतो, इतकेच.

हे गणित भिलाईकरांना नवे नाही. क्रेनने भार उचलताना तो कोठे धरायचा आणि त्याचा तोल कोठे राहतो, याचा विचार या कारखान्यात काम केलेल्या प्रत्येकाने केलेला आहे. तोच विचार निवृत्तीनंतरच्या सहलीतही करावा, एवढीच अपेक्षा.

विद्युत सायकलीचे वेगळेपण

विद्युत सायकलीचे वजन सामान्यतः २० ते २५ किलो असते. छतावरील सायकल-रॅक मात्र अनेकदा प्रतिसायकल १५ ते २० किलोंसाठीच बनविलेले असतात. रॅकवर लिहिलेली भारमर्यादा वाचल्याशिवाय खरेदी करू नये. शिवाय साठीच्या गृहस्थाने २५ किलोंची सायकल डोक्यावर उचलून छतावर चढविणे हे व्यवहार्यही नाही.

बॅटरी निघणारी असेल, तर ती काढून वाहनाच्या आत न्यावी. त्यामुळे रॅकवरचा भार घटतो आणि पाऊस, धूळ व धक्के यांपासून बॅटरीचा बचाव होतो. तिची धातूची टोके झाकलेली असावीत. मे महिन्यात भिलाईचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीतील तापमान त्याहून पुष्कळ अधिक असते. अशा वेळी लिथियम बॅटरी मोटारीत टाकून दिवसभर भटकणे योग्य नाही. तसेच सर्व कुटुंब झोपलेले असताना ट्रेलरच्या आत बॅटरी चार्जिंगला लावून ठेवू नये.

चार्जिंगचाही हिशेब आहे. ३६ व्होल्ट व १० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ३६० वॉट-तास ऊर्जा मावते. चार्जर व इन्व्हर्टरमधील गळती धरल्यास ती पूर्ण भरण्यासाठी सुमारे ४५० वॉट-तास खर्ची पडतात. ट्रेलरमधील १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीत नाममात्र १२०० वॉट-तास असले, तरी तिचे आयुष्य टिकवायचे असेल, तर त्यांतील निम्मेच वापरणे हितावह असते. अर्थात एक सायकल भरली की रात्रीच्या दिव्यापंख्यासाठी फारसे काही शिल्लक राहत नाही आणि दोन सायकली भरणे तर शक्यच नाही. जमेपेक्षा खर्च अधिक झाला, तर खाते कसे चालेल?

कायदा, कर्ज आणि विमा

या विषयाची कायदेशीर बाजूही ग्राहकांनी ध्यानात घ्यावी. ट्रेलर हा कायद्याने मोटार वाहनातच मोडतो, म्हणून त्याची स्वतंत्र नोंदणी आवश्यक असते. याउलट ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी शक्तीची मोटर, ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग आणि बॅटरी वगळता ६० किलोंपर्यंत वजन या मर्यादांत बसणारी व विहित मान्यता मिळालेली दुचाकी मोटार वाहन मानली जात नाही. तिला नोंदणी लागत नाही आणि सक्तीचा विमाही लागत नाही. मात्र याचा दुसरा अर्थ असा, की तिच्या चोरीची वा नुकसानीची भरपाई आपोआप कोठूनही मिळत नाही. मोटारीचा विमा हा मोटारीचा असतो, तिच्यावर बांधलेल्या सायकलीचा नव्हे. पन्नास हजारांची सायकल घेताना तिच्या स्वतंत्र विम्याची चौकशी जरूर करावी.

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार भार वाहनाच्या बाजूस, पुढे, मागे किंवा उंचीत अनुज्ञेय मर्यादेबाहेर गेल्यास २० हजार रुपयांचा दंड आहे. प्रौढांच्या सायकलीची लांबी १.७ ते १.८ मीटर आणि अनेक लहान मोटारींची रुंदी त्याहून कमी असते. म्हणून आडवी बांधलेली सायकल दोन्ही बाजूंनी डोकावते. पुढचे चाक काढून घेतले, तर ही अडचण पुष्कळशी सुटते. मागची क्रमांकपट्टी व दिवे झाकले जाणार नाहीत, हेही पाहिले पाहिजे.

हिच बसविणे हा वाहनातील बदल आहे. निर्मात्याने नोंदविलेल्या तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला आहे. म्हणून असे काम करण्यापूर्वी वाहननिर्माता व परिवहन कार्यालय यांच्याकडे चौकशी करावी. वाहनावर कर्ज असेल, तर बँकेला आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे. अपघातानंतर दाव्याची कागदपत्रे चाळताना होणारा मनस्ताप एका पत्राने टळू शकतो.

पर्याय आणि अपेक्षा

प्रत्येक सहलीत सायकल नेलीच पाहिजे, असे मुळीच नाही. दोन दिवसांच्या मुक्कामासाठी ५० किलोंचा भार ३०० किलोमीटर ओढण्यापेक्षा, सोय असेल तेथे भाड्याची सायकल घेणे शहाणपणाचे. रेल्वेने जाणाऱ्यांना पार्सल कार्यालयात नोंदणी करून साधी सायकल ब्रेकव्हॅनमधून नेता येते, मात्र प्रवाशाला मिळणारी मोफत सामानाची सवलत सायकलीला लागू नसते. विमानाचा मार्ग विद्युत सायकलीला व्यवहारतः बंदच आहे, कारण प्रवासी विमानात १६० वॉट-तासांहून मोठी लिथियम बॅटरी नेता येत नाही. दिलाशाची गोष्ट अशी, की नागपूर मेट्रोने प्रवाशांना डब्यात सायकल नेण्याची मुभा दिली आहे. सायकलीला सार्वजनिक वाहनात मानाने जागा देता येते, हे त्यावरून सिद्ध होते.

असे असले, तरी लांबच्या मुक्कामात स्वतःच्या सायकलीचे मोल वेगळे आहे. उंचीनुसार बसविलेली बैठक, ओळखीचे ब्रेक, लहान मुलाच्या मापाची सायकल या गोष्टी भाड्याने मिळतीलच असे नाही. चित्रकोटच्या धबधब्याजवळ ट्रेलर लावून, पहाटे इंद्रावतीच्या काठाने सायकलीवरून फिरण्यात जो आनंद आहे, तो मोटारीच्या काचेआडून मिळत नाही. इंधन वाचते, गावातील अरुंद रस्त्यांवर गर्दी होत नाही आणि गावाशी चार शब्द बोलणेही घडते.

म्हणून शासनाकडून दोन अपेक्षा रास्त ठरतात. पहिली अशी, की मागे लावावयाच्या सायकल-रॅकची रुंदी, त्यावरील दिवे व क्रमांकपट्टी यांबाबतचे नियम सामान्य नागरिकाला समजतील अशा भाषेत एकत्र प्रसिद्ध व्हावेत. रस्त्यावर उभ्या असलेल्या पोलिसाच्या आणि प्रवाशाच्या मनात एकच नियम असावा. दुसरी अशी, की कॅराव्हॅनच्या मुक्कामस्थळी सायकलींसाठी छप्पर असलेला, कुलूप लावता येईल असा तळ आणि सुरक्षित चार्जिंगची सोय असावी. छत्तीसगडसारख्या वनश्रीने नटलेल्या राज्याला हा खर्च जड नाही.

नागरिकांचे कर्तव्य त्याहूनही सोपे आहे. सहलीची यादी करताना पहिल्या ओळीत सायकल लिहावी. तिचे वजन करावे, तिची जागा आसाजवळ ठरवावी आणि मगच उरलेले सामान भरावे. निघण्यापूर्वी हिचवरील भार वजनकाट्यावर तपासावा. पन्नासेक किलोमीटर गेल्यावर एकदा थांबून पट्टे पुन्हा आवळावेत. ज्या सायकलीने भिलाईच्या एका पिढीला रोज कामावर सुखरूप नेले आणि घरी आणले, ती सायकलही निवृत्तीच्या प्रवासातून तितकीच सुखरूप परतली पाहिजे.