बडोद्याच्या फलकांवर एक ओळ देवनागरीची

वासण्याहून मुलाबाळांसह जुने बडोदे पाहावयास निघालेल्या मराठी कुटुंबाचा घोळ होतो तो नावांमुळे. नकाशात ‘सयाजीबाग’, रिक्षावाल्याच्या तोंडी ‘कमाटीबाग’. १८७९ पासूनची बाग मात्र एकच. एकदा मांडवी गाठली की दिशा लागतात: पश्चिमेस लहेरीपुरा दरवाजा, पूर्वेस पाणीगेट, उत्तरेस चांपानेर दरवाजा, दक्षिणेस गेंडीगेट. गायकवाडांच्या या राजधानीत, विशेषतः दांडिया बाजारात, आजही मराठी कानी पडते. फलक बहुधा गुजरातीत आणि इंग्रजीत. गुजराती लिपी ही देवनागरीची शिरोरेखा नसलेली बहीणच. मोठ्यांना ती थोड्या सरावाने लागते. मुले अ, ख, च, ज या अक्षरांपाशी अडतात.

आमचे म्हणणे इतकेच, की फलकावर लोकांच्या तोंडचे नावही असावे आणि देवनागरीची एक ओळ असावी. त्यासाठी नवा कायदा नको. गुजरातच्या राजभाषा कायद्याने गुजरातीसोबत हिंदीही राजभाषा मानली आहे, आणि तीही देवनागरी लिपीतील. सीमाभागात आपल्या लिपीसाठी झगडणाऱ्या आम्ही येथे गुजराती अक्षर पुसा, असे म्हणणे अशक्य. ते जिथे आहे तिथेच राहावे.