फारकतीचा कागद

मैत्रिणींनो, सटाण्याच्या एका भगिनीचे पत्र आज समोर आहे. तिचे नाव छापणार नाही. पण तिचा प्रश्न बागलाणातल्याच काय, महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतला आहे, म्हणून उत्तर सगळ्यांसाठी देते.

ही बाई चार वर्षांच्या मुलीला घेऊन दोन वर्षांपासून माहेरी आहे. नवरा न्यायला येत नाही, खर्चाला पैसा देत नाही. गेल्या महिन्यात सासरची मंडळी चार पंच घेऊन आली. म्हणाली, "कोर्टकचेरी कशाला? पाचशेच्या बाँडवर फारकत लिहू, एकदाच काय ते पैसे घ्या. तुम्ही मोकळे, आम्ही मोकळे." इकडे भावाने एक स्थळ पाहून ठेवले आहे. त्या माणसाचीही पहिलीशी अशीच बाँडवर फारकत झालेली. बाई विचारतात, "ताई, सही करू का? भावाच्या संसारात किती दिवस अडचण करायची?"

बाई, तुमची घालमेल मला कळते. भावजय तोंडाने काही बोलली नाही, तरी आपटलेली भांडी ऐकू येतातच. पण सही करू नका.

तुमचे लग्न १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखालचे आहे. असे लग्न मोडते ते न्यायालयाच्या हुकूमनाम्याने. नोटरीचा शिक्का बसला, पंचांच्या सह्या झाल्या, म्हणून बाँडने ते मोडत नाही. "आमच्यात फारकतीची चाल आहे," असे कोणी म्हणेल. कायद्याने अशा चालीला जागा ठेवली आहे, हे खरे. पण ती चाल आपल्या समाजात पूर्वापार चालत आली आहे, हे म्हणणाऱ्याला न्यायालयात पुराव्याने शाबीत करावे लागते. यमनाजी जाधव आणि निर्मला यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली हेच बजावले.

म्हणजे गंमत बघा. कागदाने लग्न तर मोडत नाही, पण त्यातल्या ओळी तुम्हाला अडवू शकतात! "यापुढे पोटगी मागणार नाही" असे लिहून दिले, तरी तेवढ्याने हक्क बुडत नाही; मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली तसे म्हटले आहे. मुलीच्या पोटगीचा हक्क तर मुलीचा, तो आईला सोडताच येत नाही. पण "आम्ही राजीखुशीने वेगळे राहतो" ही साधी दिसणारी ओळ घातक आहे. लग्न कायम असताना नवराबायको परस्परसंमतीने वेगळी राहत असतील, तर बायकोला पोटगी मिळत नाही, असे कायदाच सांगतो. नवरा उद्या तोच कागद पुढे करील.

आता दुसऱ्या स्थळाचे. १९७४ साली आपल्या महाराष्ट्रातल्या यमुनाबाई आढाव यांचे अनंतराव आढाव यांच्याशी रीतसर लग्न लागले. अनंतरावांची पहिली बायको हयात होती, ते लग्न कायम होते. पुढे यमुनाबाईंनी पोटगी मागितली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली सांगितले की हे लग्नच रद्दबातल, म्हणून त्या कायद्याने पत्नी नव्हेत. २०१३ साली उर्मिला गोडसे यांना मात्र त्याच न्यायालयाने पोटगी दिली. कारण नवऱ्याने पहिले लग्न लपवून त्यांना फसवले होते. बाई, तुम्हाला तर सगळे आधीच ठाऊक आहे. मग फसवले असे कसे म्हणणार?

२०२५ च्या जानेवारीत न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. पहिल्या नवऱ्यापासून नुसत्या करारपत्राने वेगळ्या झालेल्या स्त्रीला दुसऱ्याकडून पोटगी मंजूर केली. पण २०१२ साली खालच्या न्यायालयाने दिलेल्या पोटगीसाठी त्या बाईला तेरा वर्षे झगडावे लागले. तेवढा दम आपल्यात आहे का, हे ज्याने त्याने पाहावे.

मग करायचे काय? पोटगीचा अर्ज माहेरच्या गावच्या न्यायालयात देता येतो. सटाण्यात तो प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे द्यायचा. पूर्वीचे १२५ कलम १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झाले आहे. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा किंवा १५१०० ला फोन लावा. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या रजनेश आणि नेहा यांच्या खटल्यात २०२० साली ठरले की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची आणि दोघांनी मिळकतीचे प्रतिज्ञापत्र करायचे. म्हणून अर्जाला उशीर नको. नवरा "मला कमाई नाही" म्हणेल. सातबारा, कांद्याच्या पट्ट्या, डाळिंबाच्या पावत्या, जे हाती लागेल त्याच्या नकला जपून ठेवा.

दोघांनाही वेगळेच व्हायचे असेल, तर संमतीच्या घटस्फोटाचा सरळ रस्ता आहे. वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागते, अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते; योग्य कारण असेल तर न्यायालय ते सहा महिने माफही करते. रक्कम, मुलीचा ताबा, तुमचे दागिने, सगळे त्या अर्जातच लिहून घ्या.

आणि भावाला सांगा, स्थळ वाईट आहे असे ताई म्हणत नाही. त्या गृहस्थाकडे फक्त घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची नक्कल मागा. नसेल, तर आधी त्याने ती मिळवावी. तोवर तुमचाही निकाल लागेल. चांगला माणूस तेवढे थांबेल. न थांबणारा कसा निघाला असता, ते आधीच कळले म्हणायचे!