नववीतच प्रशाळेची पायरी चढू द्या

"पर्यावरणाला जाऊन करणार काय? झाडं लावणार?" जळगाव-धुळ्यात अकरावीच्या प्रवेशासाठी धावपळ करणाऱ्या आईवडिलांपुढे पर्यावरणशास्त्राचं नाव काढलं की हमखास हा प्रश्न येतो. त्यामागे लेकराची काळजी असते, म्हणून तो उडवून लावता येत नाही. पण त्यातलं गृहीतक चुकीचं आहे, आणि त्यापायी खानदेशातली चांगली मुलं आपल्याच मातीच्या शास्त्राकडे पाठ फिरवतात.

माझी मागणी साधी आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात पर्यावरण आणि भूविज्ञान यांची प्रशाळा आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबारमधल्या नववी आणि अकरावीच्या मुलांना दरवर्षी तिथं न्यावं, हाताने काम करू द्यावं आणि पुढे कोणकोणत्या वाटा आहेत ते स्पष्ट सांगावं.

यावर पहिला आक्षेप शाळांचा. "पर्यावरण आम्ही शिकवतोच की!" हो, शिकवता. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं आणि २००३ साली पुन्हा कान उपटले, म्हणून हा विषय वेळापत्रकात आला. पण प्रत्यक्षात काय होतं? मागच्या वर्षीची प्रकल्पवही मिळवायची, चित्रं बदलायची, बाजारातून कव्हर आणायचं आणि सही घ्यायची. घरामागच्या नाल्याचं पाणी एकदाही न तपासता मूल "जलप्रदूषण : एक समस्या" लिहून मोकळं होतं. विषय पत्रिकेवर असणं म्हणजे मुलाची त्या शास्त्राशी ओळख होणं नव्हे.

दुसरा आक्षेप विद्यापीठाच्या बाजूने येतो: शाळकरी पोरांना काय कळणार, उगाच काचसामान फुटेल. हे मला अजिबात पटत नाही. बांभोरीजवळ गिरणेचं पाणी बाटलीत घ्या, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घाला. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका खाली बसतो. नसेल तर तो पांढराच राहतो. मग आम्ल घालून थायोसल्फेटने टायट्रेशन केलं की लिटरमागे किती मिलिग्रॅम प्राणवायू आहे तो आकडा हाती येतो. टायट्रेशन अकरावी-बारावीच्या मुलाच्या आवाक्यातलं आहे. सांडपाण्याचा नाला जिथं नदीला मिळतो, त्याच्या खालच्या अंगाचं पाणी दुसऱ्या बाटलीत घेऊन दोन साके शेजारी ठेवले, तर नववीच्या मुलालाही भाषण द्यावं लागत नाही.

आणि या मुलांकडे काही नसतं असं समजू नका. यावल-रावेरच्या केळीवाल्याच्या पोराला बोअर किती फुटांवर गेलं ते पाठ असतं. पाणी खाली का गेलं, याचं उत्तर त्याला कुणी देत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा जाड पट्टा आहे, भूशास्त्रात त्याला बझाडा म्हणतात. डोंगरावरून आलेलं पाणी तिथं झपाट्याने मुरतं आणि खालच्या गाळाच्या थरांना पोसतं. मुरतं त्याहून उपसा जास्त झाला की पातळी उतरते. तापी खोऱ्यातल्या महापुनर्भरण योजनेसाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी मे २०२५ मध्ये करार केला, तो याच पट्ट्याच्या भरवशावर. ती योजना बरी की वाईट, हे उद्या याच पोरांना तपासता आलं पाहिजे.

धुळ्याच्या मुलांना तर जळगावला आणण्याआधी पांझरेकाठी उभं करा. शेकडो वर्षं चालत आलेली फड पद्धत तिथं आहे: नदीवर बंधारा, त्यातून कालवा, कालव्यातून चाऱ्या, एका फडात सगळ्यांचं एकच पीक आणि पाण्याची पाळी ठरलेली. साक्री तालुक्यातलं बारीपाडाही दाखवा. चैत्राम पवारांच्या पुढाकाराने गावाने उजाड झालेलं जंगल राखून पुन्हा उभं केलं. त्यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. विद्यापीठाच्या प्राध्यापकाने मुलांसोबत त्या रानात फिरावं. तिथं मुलांइतकंच त्यालाही शिकायला मिळेल. ज्या बहिणाबाईंचं नाव विद्यापीठाला आहे, त्यांनी अक्षरओळख नसताना शेत वाचलं होतं. रानातून आलेलं ज्ञान या विद्यापीठाला तरी परकं वाटू नये.

आता नोकरीचा आक्षेप. हा सगळ्यांत वजनदार आहे. वैद्यकीयसारखा इथं ठरलेला शिक्का नाही, सरकारी जागा थोड्या आहेत, आणि पदवी घेऊन घरी बसलेली मुलंही आहेत. पण काम नाही, हे खरं नाही. २००६ च्या अधिसूचनेनुसार खाणी, धरणं, मोठे कारखाने यांना आधी पर्यावरणीय आघाताचा अभ्यास करून मंजुरी घ्यावी लागते. तो अभ्यास माणसंच करतात. कारखान्यांची सांडपाणी प्रक्रिया, नगरपालिकांचा कचरा, भूजल सर्वेक्षण, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळा इथं जाणकार लागतात. मुलं अडकतात ती माहिती उशिरा मिळाल्यामुळे.

एक उदाहरण पुरे आहे. भारतीय वनसेवेच्या परीक्षेला बसायचं तर पदवीला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भौतिक, गणित, सांख्यिकी, भूशास्त्र, पशुसंवर्धन यांपैकी निदान एक विषय लागतो, नाहीतर कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी. या यादीत पर्यावरणशास्त्र नाही. जंगलात अधिकारी व्हायचं स्वप्न बाळगून फक्त पर्यावरणाची पदवी घेतलेल्या मुलाला हे शेवटच्या वर्षी कळलं तर दोष कुणाचा? बी.एस्सी.ला भूशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र घे आणि मग पर्यावरणात एम.एस्सी. कर, एवढं वाक्य त्याला अकरावीत सांगणारं कुणी हवं होतं.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतर, वार्षिक परीक्षांचा ताण सुरू होण्याआधी हे दौरे ठेवा. दहावी-बारावीची मुलं मोकळी नसतात, त्यांना धरू नका. शिरपूर, साक्री, अक्कलकुव्याच्या शाळांसाठी एसटीचं भाडं विद्यापीठाने द्यावं, आणि एक खेप प्राध्यापकांनीच तिकडे करावी. सगळं मराठीत सांगावं, जमेल तिथं अहिराणीत. आईवडिलांनाही सोबत बोलवा. "करणार काय" हा प्रश्न त्यांचा आहे, तर उत्तर समोरासमोर त्यांनाच मिळू द्या.