शाकारणी, शेड आणि चढवलेला मजला

घराच्या छपराचे कोणते काम परवानगीशिवाय करता येते, हे त्या कामाने घराची उंची, क्षेत्रफळ किंवा वापर बदलतो का, यावर ठरते. शाकारणीला परवानगी लागत नाही. फुटकी कौले काढून नवी घालणे, किडलेले वासे बदलणे, गळक्या गच्चीला गिलावा करणे ही दुरुस्तीची कामे झाली. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 मधील कलम 43 नुसार, फक्त आतल्या भागापुरत्या किंवा बाहेरच्या रूपात ठळक फरक न पाडणाऱ्या दुरुस्तीला नगर परिषदेच्या हद्दीतही परवानगीची गरज नसते. मात्र छपरासोबत भिंतीही दोन फूट उचलल्या आणि सामानाच्या माळ्याची निजायची खोली केली, की कायद्याच्या भाषेत तो ‘विकास’ होतो. बाहेरून जुनीच कौले दिसत असली तरी फरक पडत नाही.

खरा घोळ गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडचा आहे. पावसापासून बचावासाठी गच्चीवर आच्छादन घालायला नियमांत जागा आहे. पण ती पावसाळ्यापुरती, तात्पुरत्या परवानगीने, एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने आणि एकूण तीन वर्षे. प्रत्यक्षात लोखंडी पाइप स्लॅबवर पक्के बसवले जातात आणि ऑक्टोबरात शेड कोणी उतरवत नाही. पुढे वाऱ्याच्या बाजूने विटांची एक भिंत येते, मग दुसरी, शेवटी दरवाजा. अशी खोली चटई क्षेत्रात धरली जाते. मालक तिला शेड म्हणत राहिला तरी कागदावर तो मजलाच.

छोट्या घरांसाठी राज्याने सवलत दिली, ती डिसेंबर 2020 च्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतून. तिच्या आधारे फेब्रुवारी 2021 मध्ये ग्रामविकास विभागाने जाहीर केले, की ग्रामीण भागात 3,200 चौरस फुटांपर्यंतच्या बांधकामाला नगररचना विभागाकडे जावे लागणार नाही. 1,600 चौरस फुटांपर्यंत मालकीची कागदपत्रे, नकाशे आणि नकाशा नियमात बसतो असा परवानाधारक अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीला द्यायचा. त्यापुढे 3,200 पर्यंत शुल्क भरून ग्रामपंचायतीकडून बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र घ्यायचे. बातमीत याचे ‘परवानगी नको’ झाले. नियमांतून सुटका मात्र कोणाचीच नव्हती.

त्यातही डहाणूची गोष्ट वेगळी. 20 जून 1991 च्या केंद्रीय अधिसूचनेने हा संपूर्ण तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून 1996 मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. नव्या नियमावलीने अशी अधिसूचित क्षेत्रे आपल्या कक्षेबाहेर ठेवली. शेजारचा तलासरी तालुका त्या अधिसूचनेत नाही. भोवतीच्या 25 किलोमीटरच्या पट्ट्याचे निर्बंध उद्योगांपुरते आहेत. तेव्हा तलासरीच्या नातेवाइकाने ज्या कागदावर माडी चढवली, तोच कागद डहाणूत चालेल असे धरून चालू नये. मोठ्या कारखान्यांना रोखण्यासाठी आणलेल्या संरक्षणाची झळ दोन खोल्यांच्या घराला लागावी, हे विचित्रच. पण कायदा आज तसा आहे.

डहाणू तालुक्यातल्या आगर, नरपड, बोर्डी या किनारी गावांत सागरी किनारा नियमन क्षेत्राची आणखी एक रेषा पाहावी लागते. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र असते. (दाट वस्तीच्या गावांसाठी 2019 च्या अधिसूचनेने ते 50 मीटरवर आणण्याची वाट ठेवली आहे, मात्र आधी व्यवस्थापन आराखडा मंजूर हवा.) या पट्ट्यात जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती चालते, पण जोत्याचे आणि चटई क्षेत्राचे माप वाढता कामा नये. त्यामुळे नव्या मजल्याचा प्रश्न तिथेच संपतो. पट्ट्याबाहेरही तळमजला अधिक एक, नऊ मीटर उंची, ही मर्यादा आहे.

नियम बाजूला ठेवले तरी भिंतींचा प्रश्न उरतोच. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू तालुक्यातल्याच धुंदलवाडी परिसराला भूकंपाचे धक्के बसू लागले. फेब्रुवारी 2019 मध्ये त्यांतला एक 4 रिश्टरच्या वर गेला. कुडाचे हलके घर हलून पुन्हा सावरते. नुसत्या विटांच्या भिंतींवर सळईच्या पट्ट्याशिवाय चढवलेला जड मजला तसा सावरत नाही. अभियंत्याचा दाखला सहीपुरता घेणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

घरपट्टीबद्दलही एक गैरसमज पक्का आहे. ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीत, म्हणजे नमुना 8 वर, वाढीव खोलीची नोंद झाली, पावती मिळाली, म्हणजे बांधकाम कायदेशीर झाले असे नाही. तो केवळ कर आहे. विनापरवाना विकासासाठी नगररचना अधिनियमाच्या कलम 52 खाली एक महिना ते तीन वर्षे कैदेची तरतूद आहे, आणि कराची पावती दाखवून ती टळत नाही.