आठ वाजून सोळा मिनिटांनी

पाहुण्यांनी ७ वाजून ४६ मिनिटांनी यावं, फॅशन शो ८ वाजून १६ मिनिटांनी. हिप्पींनी घड्याळ झुगारून दिलं होतं असं आपण समजतो, पण ५ डिसेंबर १९६७च्या या निमंत्रणात वेळ लग्नपत्रिकेतल्या मुहूर्तासारखी मिनिटासकट छापलेली होती. ठिकाण होतं ९४, बेकर स्ट्रीट, लंडन. दुकान ‘ॲपल बुटीक’, मालक बीटल्स.

कपडे ‘द फूल’ या डच कलावंतांच्या चमूचे. रेशीम, मखमल आणि डोळे दिपवणारे रंग. आतलं लेबलसुद्धा रेशमीच हवं, हा त्यांचा हट्ट. बघायला मालकांपैकी जॉन लेनन आणि जॉर्ज हॅरिसन, शिवाय गिटारवादक एरिक क्लॅप्टन, गायिका सिला ब्लॅक, नाट्यसमीक्षक केनेथ टायनन. प्यायला सफरचंदाचा रस.

त्या काळात रॅम्प आणि खुर्ची यांच्यात फारसं अंतर उरलं नव्हतं. हॅरिसनची पत्नी पॅटी बॉइड फॅशन डिझायनर ऑसी क्लार्कचे कपडे घालून रॅम्पवर चालायची, आणि क्लार्कच्या शोला समोर पॉपगायक नि चित्रकार बसायचे. कोण कुणाला बघायला आलंय, हे सांगणं अवघडच.

माझ्या मते अशा शोमध्ये पहिली रांग हाच खरा माल असतो. पण तो गल्ल्यात जमा होत नाही. दोन दिवसांनी बुटीक सर्वांसाठी उघडलं, तेव्हा गर्दी लोटली. त्यातले कित्येक नुसते बघे, काहींनी तर कपडे सरळ लांबवले. दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवरचं भलंमोठं रंगीत चित्र शेजारच्या दुकानदारांच्या तक्रारींनंतर पांढऱ्या रंगाखाली गेलं. मालकांचंही लक्ष दुसरीकडे होतं: जानेवारीत हॅरिसन मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह ध्वनिमुद्रण करत होता. पुढच्याच महिन्यात चौघेही बीटल्स हृषीकेशला गेले. इकडे दुकानाचा तोटा मात्र लाखो पौंडांत गेला.

जुलै १९६८च्या अखेरीस दुकान बंद करायचं ठरलं आणि उरलेला माल फुकट वाटला. आदल्या रात्री मालकांनी स्वतःच हवं ते उचलून नेलं होतं. दुसऱ्या दिवशी बेकर स्ट्रीटवर झुंबड उडाली. फुकट ते पौष्टिक, हे लंडनलाही ठाऊक होतं.

आजही शो झाला की बातमी पहिल्या रांगेचीच होते. शिंप्याला आणि विणकराला त्यातून काय मिळालं, हे विचारायला कुणी थांबत नाही. प्रेक्षक पत्रिका पाठवून जमवता येतात. गिऱ्हाईक मात्र कापड बोटांनी चाचपून, किंमत विचारूनच येतं.